आखाजीचं सौर वादळ आणि आमचा पाऊस : प्रकल्प नोंदी

मी अमळनेर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी या वर्षी बारावीतले दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, माझ्यासोबत आहेत. प्रश्न असा : सूर्यावरच्या घडामोडींचा आपल्या हवामानाशी संबंध आहे का, आणि असलाच तर किती? वहीतल्या नोंदी थोड्या साफसूफ करून इथं देतोय.

११ मे २०२४

महिनाभर विषय ठरत नव्हता. काल रात्री ठरला.

सूर्यावरच्या एकाच डागसमूहातून ८ मेपासून प्लाझ्माचे (विद्युतभारित तप्त वायूचे) लोट सुटत होते. वाटेत ते एकमेकांना गाठत आले आणि काल रात्री साडेदहाच्या सुमारास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले. वादळाची श्रेणी जी-५, म्हणजे मोजपट्टीवरची शेवटची. एवढं मोठं वादळ याआधी ऑक्टोबर २००३ मध्ये झालं होतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती दबलं हे सांगणारा जो निर्देशांक विषुववृत्ताकडच्या वेधशाळांवरून काढतात, तो उणे ४०० नॅनोटेस्लाच्या (चुंबकीय क्षेत्राचं एकक) खाली गेला, तोही आपल्या घड्याळात सकाळी सात-आठच्या दरम्यान. लडाखमधल्या हानलेहून भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल प्रकाश टिपला.

आणि काल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. माहेरवाशिणी आलेल्या, झाडांना झोके, घराघरात सांजोऱ्या आणि रस, ओट्यावर पत्त्यांचे डाव. सालदारांची सालं बदलण्याचाही हाच दिवस. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला काल संध्याकाळी घटमांडणी झाली. शेतात गोल आखून अठरा धान्यं मांडतात, मधे पाण्याची घागर, वर पुरी, पापड. रात्रभरात काय हललं ते पाहून सूर्योदयाला वर्षाच्या पावसाचं भाकीत सांगतात. म्हणजे भेंडवळचा घट आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र, दोन्ही एकाच रात्री हलत होते. निव्वळ योगायोग. पण मुलांना सांगितल्यावर दोघांचे डोळे चमकले, आणि मास्तरला तेवढं पुरतं.

फोनवर सकाळपासून फॉरवर्ड सुरू : 'सौर वादळामुळे पारा चढणार, दोन दिवस बाहेर पडू नका.' जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकायला सौर वादळ कशाला लागतं?

शेजारचे आप्पा (यांच्याच मळ्यात आमचा पर्जन्यमापक बसणार आहे) ओट्यावरून म्हणाले, "सर, सूर्यवर वादळ उनं म्हनतस. बठ्ठं ठीक से, पन पानी कव्हय पडी?"

हाच प्रकल्पाचा प्रश्न.

१३ मे

आज मतदान, त्यामुळं सुट्टी. मतदान करून आल्यावर दोघांना घरी बोलावलं आणि आधी हिशेब करायला बसवलं. सौर वादळात पृथ्वीच्या वरच्या हवेत ऊर्जा ओतली जाते, हे खरं. किती? मोठ्या वादळात साधारण एक-दोन टेरावॅटच्या घरात (एक टेरावॅट म्हणजे एक लाख कोटी वॅट), तीही मुख्यतः ध्रुवांकडच्या आकाशात, शंभर किलोमीटरच्या वर.

आता खानदेश. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून क्षेत्रफळ ढोबळमानानं २५,००० चौरस किलोमीटर. भर दुपारी निरभ्र आकाशातून चौरस मीटरला साधारण १,००० वॅट ऊन पडतं. गुणाकार मुलीनं फळ्यावर केला : २५ टेरावॅट. म्हणजे वीस वर्षांतल्या सर्वांत मोठ्या वादळानं अख्ख्या पृथ्वीच्या आकाशात ओतलेल्या शक्तीपेक्षा कितीतरी जास्त ऊन एकट्या खानदेशावर रोज दुपारी बारा वाजता पडतं. सगळ्या पृथ्वीचा आकडा घेतला तर १,७४,००० टेरावॅट.

मुलगा म्हणाला, "मग सर, प्रकल्प संपला की."

संपला नाही. थोडी ऊर्जा मोक्याच्या जागी लागली तर मोठा परिणाम होऊ शकतो. बंदुकीच्या चापाला बळ किती लागतं? प्रश्न असा की हवामानाच्या यंत्रात असा चाप आहे का, आणि सूर्याचं बोट तिथवर पोचतं का.

१५ मे

वादळ ज्यातून आलं तो डागसमूह (क्रमांक ३६६४) सूर्याच्या कडेवरून पलीकडे गेला. पलटी मारता मारता काल एक्स ८.७ प्रतीची ज्वाला सोडून गेला (एक्स हा सर्वांत जोरदार वर्ग). समूहाची रुंदी पृथ्वीच्या सुमारे पंधरा पट. २०१९ च्या ग्रहणाचे चश्मे कपाटात जपून ठेवलेले होते, त्यातून तो दुर्बिणीशिवाय दिसला होता. सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणजे महिनाअखेरीला गडी परत दिसेल.

२९ मे

दिसला. आता क्रमांक नवा, ३६९७. अंगानं बराच उतरलाय.

९ जून

साधनं तयार. सूर्यासाठी ७० मिलिमीटरची जुनी दुर्बीण. तिच्यातून पाहायचं नाही, डोळा जाईल. भिंगातून येणारी प्रतिमा मागे धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडायची. कागदावर १० सेंटिमीटरचं वर्तुळ आधीच काढलेलं, सूर्य त्यात बरोबर बसवायचा आणि डाग पेन्सिलीनं गिरवायचे. दुर्बीण हातानं फिरवावी लागते, त्यामुळं सूर्य सारखा वर्तुळातून सरकतो. एकानं सूर्य धरायचा, दुसऱ्यानं काढायचा. कागद जरा हलवला की खरा डाग प्रतिमेबरोबर जागेवर राहतो आणि कागदावरचा कचरा कागदाबरोबर हलतो. ही युक्ती मुलीनं स्वतः शोधली.

मोजणीची रीत एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ वोल्फनं घालून दिलेली : समूहांची संख्या गुणिले दहा, अधिक एकेक करून मोजलेले सगळे डाग. सकाळी आठला ही मोजणी, साडेआठला मळ्यात पर्जन्यमापक. हवामान खात्याचीही पावसाची वेळ सकाळी साडेआठचीच, म्हणजे तहसीलच्या आकड्याशी ताडून बघता येतं. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस'.

मृग लागला. आप्पांनी पंचांगातलं वाहन बघून ठेवलंय. ते आमच्या वहीत लिहायला सांगतात. लिहिलं.

३० जून

मुलगा आलेख घेऊन आला. डाग आणि पाऊस यांचं नातं त्याला सापडलंय : डाग जास्त तेव्हा पाऊस कमी. रेषा सुरेख उतरती.

वही परत चाळायला सांगितली. ज्या दिवशी ढग दाटले त्या दिवशी सूर्यच दिसला नाही, रकाना कोरा. अर्धवट ढगात फक्त मोठे डाग दिसले, बारीक हरवले. कोरे रकाने त्यानं शून्य धरले नव्हते एवढं चांगलं केलं होतं. पण अर्धवट ढगांच्या दिवसांनी नातं पाऊस आणि *आमच्या दिसण्या*चं दाखवलं, सूर्याचं नाही. पावसाचा अभ्यास करणाऱ्याला सूर्य पावसामुळंच दिसेना, असा हा तिढा.

उपाय साधा. सूर्याचा आकडा जिथं आमचे ढग नाहीत तिथून घ्यायचा. बेल्जियमची रॉयल वेधशाळा जगभरच्या निरीक्षकांच्या मोजण्या एकत्र करून रोजचा सौरडाग अंक देते, १८१८ पासूनचा. आमची पेन्सिल चालूच राहील, पण ती शिकण्यासाठी. हिशेबाला ब्रसेल्सचा आकडा.

१४ जुलै

झड लागलीय. आप्पा खुशीत, कपाशीला युरिया टाकून झाला. आम्ही वर्गात चाप शोधत बसलो.

पहिली शक्यता सरळ आहे. सौरचक्र अकरा वर्षांचं. डाग जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित अधिक तळपतो. वातावरणाच्या माथ्यावर येणारं ऊन चौरस मीटरला १,३६१ वॅट, आणि चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत फरक पडतो साधारण एक वॅटचा, म्हणजे ०.१ टक्का. पृथ्वी गोल असल्यानं तो चौघांत वाटला जातो, त्यातला तीस टक्के परत जातो, उरतात जेमतेम ०.१७ वॅट. कार्बन डायऑक्साइडनं औद्योगिक काळापासून टाकलेली भर दोन वॅटच्या वर आहे आणि ती चढतच जाते, चक्रासारखी उतरत नाही. सौरचक्रामुळं पृथ्वीच्या सरासरी तापमानात पडणारा फरक ०.१ अंशाच्या आसपास. दुसरं असं की १९८० नंतर सूर्याची सरासरी चढलेली नाही, उलट जरा उतरलीय. तापमान मात्र चढत राहिलं. 'सगळं सूर्यामुळं होतंय' असं म्हणणाऱ्याला एवढं पुरावं.

दुसरी शक्यता मला जास्त आवडते. एकूण ऊन ०.१ टक्काच बदलतं, पण त्यातला अतिनील भाग काही टक्क्यांनी बदलतो. हा भाग जमिनीवर पोचत नाही, वर ओझोन शोषून घेतो. त्यामुळं ४०-५० किलोमीटर उंचीवर शिखराच्या वर्षांत तळाच्या वर्षांपेक्षा साधारण एक अंश जास्त तापमान असतं. वरचं तापमान बदललं की वरचे वारे बदलतात आणि त्याचा धक्का खाली उतरू शकतो. युरोपात हिवाळ्यातल्या वाऱ्यांवर याच्या खुणा दिसतात. सूर्य शांत असताना तिकडं थंड हिवाळ्यांकडं थोडा कल असतो. चाप असेल तर हाच, असं माझं मत. पण तो अकरा वर्षांच्या संथ चालीचा आहे, हिवाळ्याचा आहे आणि वर उत्तरेकडचा आहे. मेमधल्या एका रात्रीच्या वादळाचा आणि अमळनेरच्या जूनचा त्यात कुठंच संबंध येत नाही.

मुलीचा प्रश्न चांगला होता : खालचं हवामान वर जातं का? जातं. जानेवारी २००९ मध्ये उत्तर ध्रुवावरचं स्थितांबर काही दिवसांत अचानक तापलं, तेव्हा हजारो किलोमीटर दूर विषुववृत्तावरच्या आयनांबरात उलथापालथ मोजली गेली, तीही सूर्य अगदी शांत असताना. खालून वर जाणारा रस्ता वरून खाली येणाऱ्यापेक्षा जास्त रुळलेला आहे.

४ ऑगस्ट

वैश्विक किरणांचा दिवस. डेन्मार्कच्या हेन्रिक स्वेन्समार्क यांनी १९९७ मध्ये मांडलं : सूर्य शांत असला की आकाशगंगेतून येणारे वैश्विक किरण जास्त आत घुसतात, हवेत आयन बनवतात, त्यांवर ढगांचे कण जमतात, ढग वाढतात. ऐकायला झकास. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत यासाठी 'क्लाउड' नावाचा प्रयोग उभा राहिला. मोठ्या टाकीत हवा भरून तिच्यावर कणांचा झोत सोडतात. आयनांमुळं बारीक कण जास्त जमतात हे २०११ मध्ये दिसलं. पण तो कण ढगाच्या थेंबाचं बी व्हायचा तर कित्येक पटीनं वाढावा लागतो, आणि सौरचक्रानं वैश्विक किरणांत जो फरक पडतो त्यानं ढगांत मोजण्याजोगा फरक पडत नाही, असं पुढच्या निष्कर्षांवरून दिसलं.

आपल्याकडं तर ही कथा आणखी पातळ होते. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताची रेषा तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्या पट्ट्यात चुंबकीय क्षेत्र आडवं, कमी ऊर्जेच्या किरणांना ते दारातूनच परत पाठवतं. सूर्याच्या लहरीप्रमाणं कमीजास्त होतात ते हेच कमी ऊर्जेचे किरण.

वैश्विक किरणांचा हवामानाशी संबंध आपल्या देशात वेगळ्याच तऱ्हेनं सापडलाय. उटीच्या ग्रेप्स-३ दुर्बिणीतून म्युऑन (वैश्विक किरणांमुळं हवेत तयार होणारे कण) मोजतात. १ डिसेंबर २०१४ ला वरून विजांचा ढग जाताना म्युऑन घटले, आणि त्या घटीवरून ढगातला विद्युतदाब काढला तर तो निघाला १.३ अब्ज व्होल्ट. किरणांनी ढग बनवण्याऐवजी ढग मोजून दिला! मुलगा आता पोस्टरचा अर्धा भाग याच्यासाठी मागतोय. देणार नाही, विषय भरकटेल.

२५ ऑगस्ट

इतिहास. मला यात जास्त रस आहे, म्हणून नोंद लांबेल.

सूर्याच्या डागांचा आणि पावसाचा मेळ घालायचा खटाटोप सर्वांत जोरात झाला तो आपल्याच देशात. निमित्त १८७६-७८ चा दुष्काळ. दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. १८७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आणि सरकारच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी मद्रासच्या पावसाचे आकडे घेऊन मांडणी केली : डाग कमी, तर पाऊस कमी, तर दुष्काळ. त्या वेळी सूर्य खरोखरच तळाशी होता. तळ आला डिसेंबर १८७८ मध्ये. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी तर हीच साखळी इंग्लंडमधल्या व्यापारी मंदीपर्यंत ओढली.

पुढचा फटका १८९९ चा. गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनियो म्हणतात, संवत १९५६ वरून. खानदेशही त्यात होरपळला. सूर्य उतरणीवर, तळ १९०२ च्या सुरुवातीला. दोनदा जुळलं. त्याच १८९९ मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा स्थापन झाली. तिच्या मागं दुष्काळानं दिलेली ही सूर्य आणि पावसाची आसही होती.

मग १९१८. देशभरातला मोसमी पाऊस सरासरीच्या तीन चतुर्थांशावर आला, शतकातल्या सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक. सूर्याचं शिखर होतं ऑगस्ट १९१७ मध्ये. म्हणजे डाग भरपूर असताना दुष्काळ. मुलांना हे वर्ष मी मुद्दाम शेवटी सांगितलं. आधीच्या दोन जुळण्यांवर दोघंही पैज लावायला तयार झाले होते.

त्या सुमारास हवामान खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. १९०४ मध्ये सिमल्याला आलेले केंब्रिजचे गणिती. हाताखाली कारकुनांची फौज बसवून त्यांनी जगभरच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे एकमेकांशी ताडले. त्यात सूर्याचे डागही होते. डागांचं नातं फारच लुळं निघालं. हाती लागलं ते दुसरंच : पॅसिफिकवर एका बाजूला दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि उलट. या हेलकाव्याला त्यांनी 'सदर्न ऑसिलेशन' नाव दिलं. एल निनोच्या (पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या) बातम्या आपण दर एप्रिलमध्ये वाचतो त्याचं हे मूळ.

एक गोष्ट पोस्टरवर मावणार नाही म्हणून इथं लिहितो. १८७६-७८ मध्ये पाऊस फसला हे खरं, पण देशातून धान्याची निर्यात त्या काळातही चालू होती. आपल्याकडंच मागे जायचं तर १८०३-०४ चा खानदेशातला दुष्काळ : होळकरांच्या फौजा आणि पेंढाऱ्यांनी गावंच्या गावं लुटून ओस पाडली होती. भूक आकाशातून पडते असं एकदा ठरलं की राज्यकर्त्यांची सोय होते. हंटर यांच्या मनात ते होतं असं मी म्हणत नाही. पण मांडणी लोकप्रिय व्हायला याचा हातभार लागलाच असेल.

८ सप्टेंबर

आता अलीकडची वर्षं. सौरचक्राची शिखरं : १९६८, १९७९, १९८९, २००१, २०१४. तळ : १९६४, १९७६, १९८६, १९९६, २००८, २०१९. मुलीनं कार्डशीटवर नागमोडी काढून देशातल्या तुटीच्या पावसाची वर्षं लाल टिकल्यांनी चिकटवली. आईच्या टिकल्यांचं पाकीट संपलं.

१९६५ तळाला लागून. १९७२ उतरणीवर (हे वर्ष आमच्याकडं घराघरात ठाऊक, सुकडी आणि रोजगार हमीच्या खडीसकट). १९७९ अगदी शिखरावर. १९८२ उतरणीवर. १९८७ चढणीच्या पायथ्याला. २००२ शिखराला लागून. २००९ तळाशी. २०१४ शिखरावर, २०१५ तिथून जरा खाली. टिकल्या सगळ्या नागमोडीवर पसरल्या.

मग त्याच टिकल्यांत एल निनोची वर्षं शोधली : १९६५, १९७२, १९८२, १९८७, २००२, २००९, २०१५. तरी हाही नियम नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता आणि पाऊस सरासरीइतका पडला. १९७९ ला एल निनो नव्हता आणि पाऊस फसला.

१५ सप्टेंबर

मुलगा अजून हार मानत नव्हता. तालुक्याच्या पावसाच्या आकड्यांत त्याला सौरडागांशी थोडं नातं दिसतंय, आणि थोडं आहेही. म्हणून चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक वर्षाचा पाऊस एका चिठ्ठीवर, सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात, हलवायच्या आणि येतील त्या क्रमानं वर्षांना वाटून द्यायच्या. म्हणजे १९७२ ला कधी २००६ चा पाऊस मिळणार. मग या खोट्या क्रमाचं सूर्याशी नातं काढायचं. परत हलवायचं, परत काढायचं. नंतर संगणकावर तेच काम लावून दिलं.

खोट्या क्रमातही तेवढं नातं पुन्हा पुन्हा निघत राहिलं, कधी खऱ्याहून घट्ट. मुलानं डबा स्वतः हलवला होता, त्यामुळं वाद झाला नाही. मी पाठ्यपुस्तकातलं सूत्र फळ्यावर लिहिलं असतं तर तो मान हलवून गेला असता आणि मनात आलेख तसाच ठेवला असता.

एक अडचण मात्र त्यानंच काढली : अकरा वर्षांचं चक्र म्हणजे पन्नास-साठ वर्षांत पाचच फेऱ्या. पाच फेऱ्यांत बारीक परिणाम दडून बसला असेल तर डबा तो नाकारतही नाही. बरोबर आहे. पोस्टरवर हे त्याच्याच शब्दांत जाईल.

२७ सप्टेंबर

जुना विद्यार्थी भेटला, आता फवारणीचा ड्रोन चालवतो. दिवसा वारा, म्हणून काल शेवटचे दोन एकर अंधार पडल्यावर दिवे लावून घेतले. आठच्या सुमारास आरटीके (उपग्रह आणि मोबाईल नेटवर्कवरून येणारी दुरुस्ती मिळून ड्रोनची जागा सेंटिमीटरपर्यंत सांगणारी यंत्रणा; पक्की जागा म्हणजे फिक्स, अंदाजे म्हणजे फ्लोट) सारखं सुटत होतं : "सर, फिक्स मिळतच नव्हता, नुसता फ्लोट. सौर वादळ होतं का?"

वादळ लागत नाही, आणि हा भाग खानदेशासाठी खरा महत्त्वाचा आहे. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसभर आयनांबरातला प्लाझ्मा वर उचलला जातो आणि चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना ओघळून साधारण पंधरा अंशांवर साठतो. आपल्या देशात तो साठा अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडतो. आपण त्याच्या कडेलाच. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताकडून विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर चढतात आणि त्यांच्या कडा इथवर पोचतात. त्यातून येणारा उपग्रहाचा संदेश थरथरतो, रिसिव्हरची पकड सुटते. हे सगळ्यात जास्त होतं मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत. त्याची संध्याकाळ या तिन्ही अटींत बसते. तरी त्या एका संध्याकाळचं खापर मी सूर्यावर फोडणार नाही, मोबाईलचं नेटवर्कही गेलेलं असू शकतं.

मेमधल्या वादळात अमेरिकेत पेरणीचा हंगाम होता. जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडू लागले आणि अनेकांनी पेरणी थांबवली. शेतकऱ्याला सौर वादळ भेटलं ते असं. ढगातून आलं नाही, ट्रॅक्टरच्या पडद्यातून आलं.

१ ऑक्टोबर

मोसमी हंगाम संपला. देशाचा पाऊस सरासरीच्या १०८ टक्के. मागच्या वर्षी ९४ टक्के होता आणि २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. दोन्ही वर्षं सूर्य जोरातच. यंदाच्या ऑगस्टचा सौरडाग अंक तर २०० च्या वर गेला, वीसेक वर्षांत इतका झाला नव्हता. सूर्य दोन्ही वर्षी तोच, फरक पॅसिफिकमध्ये : मागच्या वर्षी एल निनो होता, यंदा तो ओसरला.

१२ ऑक्टोबर, दसरा

परवा रात्री पुन्हा मोठं वादळ, जी-४. हानलेला पुन्हा लाल आकाश. इकडं आभाळ भरलेलं, परतीचा पाऊस, बोंडं फुटलेली कपाशी भिजतेय. सोनं द्यायला आलेल्या दोघांनी मला विचारलं की आपल्याकडून असा प्रकाश कधी दिसला असेल का. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. मुंबई खानदेशाच्या दक्षिणेला. आभाळ मोकळं असेल तर तापीकाठच्या कुणीतरी तो पाहिलाच असणार.

१८५९ चं कॅरिंग्टन वादळही आपल्याकडं नोंदलेलं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. या मेच्या जवळपास चौपट. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम यायचं ठरलं, त्यांच्या प्रवाहानं वेध बिघडतील म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला नेली. ती अजून चालू आहे.

१६ ऑक्टोबर

नासा आणि नोआनं (अमेरिकेची हवामान आणि समुद्राची सरकारी संस्था) काल जाहीर केलं की सूर्य चक्राच्या शिखराच्या काळात पोचलाय.

२२ डिसेंबर

तालुका प्रदर्शन झालं. आप्पाही आले होते, मुलीनं त्यांना सगळा तक्ता समजावून सांगितला. त्यांनी लाल टिकल्या नीट पाहिल्या, १९७२ वर बोट ठेवलं आणि त्या वर्षी विहीर कुठवर उतरवली होती ते सांगत बसले. मागं रांग तुंबली. मग म्हणाले, "म्हंजे समुद्रकडे ध्यान ठेवानं." हो आप्पा, एप्रिल-मेमध्ये हवामान खात्याचा अंदाज येतो, त्यात एल निनोचं काय म्हणतात तेवढं बघायचं.

एका परीक्षकांनी विचारलं, निष्कर्ष नकारार्थी आहे तर प्रकल्पात काय उरलं? मुलानं चिठ्ठ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि हलवायला लावला. नंबर दुसरा आला. पहिला हायड्रोपोनिक्सला.

पुढचं काम मार्चसाठी : काही अँड्रॉइड फोन उपग्रहांच्या संदेशाची कच्ची नोंद ठेवतात. संध्याकाळी सात ते दहा गच्चीवर असा एक फोन ठेवून संदेश किती थरथरतो ते रोज नोंदवायचं, दुसरा फोन ड्रोनवाल्याकडं. दोन्हीकडं एकाच वेळी थरथरलं तर नेटवर्कची शंका मिटेल. दुर्बीण पिशवीत सिलिका जेल टाकून बांधून ठेवली, पावसाळ्यात भिंगाच्या कडेला बुरशीचा ठिपका दिसला होता.